उभ्या गाडीचा डिझेल फिल्टर: दीडेक वर्षाच्या वापरानंतर

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. आमच्या जुन्या डिझेल मोटरहोमवर (चाकांवरचं घरच म्हणा) रॅकॉर कंपनीचा ९०० मालिकेतला डिझेल फिल्टर व्हॅक्यूम गेजसकट बसवून दीडेक वर्ष झालं. पैसे वसूल झाले असं माझं मत आहे. पण 'हा बसवला की फिल्टरची कटकट मिटली' असं कोणी सांगत असेल तर हसून सोडून द्या. कटकट आहे तिथेच आहे, आता ती डोळ्यांना दिसते एवढंच.

गाडी २००१ची, फ्रेटलायनर चॅसीवरची, आणि मागे कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडरचं आयएसबी इंजिन. राहतो अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या डेन्व्हरजवळ. अशा गाडीला इकडे 'डिझेल पुशर' म्हणतात: इंजिन पार मागे, डिझेलची टाकी पुढे, आणि दोन्हींच्या मधे वीस-पंचवीस फूट लाइन. इंजिनाशी जायचं तर मागचं दार उघडायचं, नाहीतर बेडरूममधली गादी उचलून पलंगाखालची फळी काढायची. म्हणजे डिझेल सांडलं तर वास थेट अंथरुणाला. नवऱ्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "गादीला वास आला तर तू आत झोप, मी ड्रायव्हर सीटवर झोपतो."

माझं माहेर फलटणकडचं. टाटा कमिन्सचा कारखाना तिथे पुष्कळ नंतर आला. आमच्याकडे 'कमिन्स' म्हटलं की आधी पुण्यातलं कोथरूड आठवायचं, १९६२मधली ती किर्लोस्कर कमिन्स. पण डिझेलशी माझी ओळख त्याहून साधी, ट्रॅक्टरवरची. दोन फिल्टर शेजारी शेजारी, एकात कापडी एलिमेंट (आतला गाळणारा भाग), दुसऱ्यात कागदी. फिल्टर बदलला की वरचा स्क्रू सैल करायचा आणि बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारत बसायचं. 'एअर धरली', म्हणजे डिझेलच्या लाइनमध्ये हवा अडकली, हे लहानपणी इतक्या वेळा ऐकलंय की डिझेल इंजिनाचा हाच एक आजार असतो असं वाटायचं. इथे येऊनही मत फारसं बदललेलं नाही.

आता या इंजिनाबद्दल. १९९८ ते २००२च्या दरम्यानच्या २४ व्हॉल्व्हवाल्या आयएसबीवर बॉशचा व्हीपी ४४ हा इंजेक्शन पंप (इंजेक्टरांना दाबाने डिझेल पुरवणारा) असतो. त्याला वंगण आणि गारवा दोन्ही मिळतं ते त्यातून वाहणाऱ्या डिझेलमधूनच. टाकीतलं डिझेल त्याच्यापर्यंत ओढून आणणारा छोटा इलेक्ट्रिक लिफ्ट पंप दमला किंवा फिल्टर तुंबला, की व्हीपी ४४ कोरडा पडतो आणि बाद होतो. फिल्टर किरकोळ पैशांत येतो, पंपाचा खर्च ऐकून माणूस गाडीच विकायला काढतो. त्यामुळे या गाडीत फिल्टर हा देखभालीच्या यादीतला विसावा मुद्दा धरून चालत नाही.

आणि मोटरहोम ही मुळात उभी राहणारी गाडी. ट्रक रोज टाकी रिकामी करतो, आमची गाडी हिवाळाभर अर्ध्या टाकीनिशी अंगणात असते. दिवसा तापायचं, रात्री गार व्हायचं, रिकाम्या जागेतल्या हवेतली वाफ टाकीच्या भिंतीवर जमायची आणि पाणी होऊन तळाला जायचं. डिझेल आणि पाणी जिथे भेटतात त्या थरात बुरशी आणि जीवाणू वाढतात. शिवाय इथल्या पंपावरच्या साध्या डिझेलमध्ये ५ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल चालतं, त्याची पाटी लावावी लागत नाही, आणि बायोडिझेल पाणी जास्त धरून ठेवतं. म्हणून 'इतक्या हजार मैलांनी बदला' हा आकडा आमच्यासारख्यांच्या कामाचा नाही. मैल होण्याआधीच फिल्टर म्हातारा होतो. मी वर्षाला एकदा बदलते, गाडी चालली असो वा नसो, आणि मधे गेज सांगेल तेव्हा.

गेजबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या मते खरी किंमत त्याचीच आहे. फिल्टरच्या झाकणावर घट्ट करायची जी टी-आकाराची मूठ असते, तिच्या जागी गेज बसतो. लिफ्ट पंपाला डिझेल ओढायला किती जोर लावावा लागतोय ते तो दाखवतो. सपाटीवर सुई काही बोलत नाही. आय-७० महामार्गावरून डोंगरातल्या आयझेनहॉवर बोगद्याकडे, म्हणजे ११,००० फुटांच्या वर, पूर्ण लोडवर चढताना ती बोलते. माझ्या गेजला दुसरा एक काटा आहे, तो सर्वात जास्त ताण कुठवर गेला तिथेच अडकून राहतो. वर पोचल्यावर खाली उतरायचं आणि बघायचं. नवीन एलिमेंट टाकल्यावर त्याच चढावर काटा जिथे थांबला तिथे मी मार्करने रेघ मारून ठेवली आहे. रेघेपासून काटा किती सरकला हे दर वेळी बघते. चढावर गाडी मरगळली तर 'उंचीमुळे असेल' म्हणून सोडून देणारे पुष्कळ भेटतात. टर्बोच्या गाडीला उंचीचा त्रास इतका होत नाही, आधी फिल्टर बघा.

खालचा पारदर्शक वाडगा ही दुसरी चांगली गोष्ट. डिझेल आत शिरताना गोल फिरतं, पाणी आणि जड घाण खाली बसते. पाणी दिसतं कसं, तर पिवळसर डिझेलच्या तळाशी एक रंगहीन, गोलसर, थोडा थरथरणारा थेंब. वाडगा जरा हलवला की तो तुटतो आणि पुन्हा एक होतो. पहिल्या वसंतात तळाला चांगली बोटभर जाडीची रेघ होती. खालचा नळ सैल करून जुन्या लोणच्याच्या बरणीत घेतलं, पाणी संपून निव्वळ डिझेल यायला लागल्यावर बंद. डॅशबोर्डवरच्या पाण्याच्या दिव्याने तेव्हा डोळासुद्धा उघडला नव्हता.

एलिमेंटचे रंग लक्षात ठेवा: लाल ३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), निळा १०, तपकिरी २. पहिला मोह तपकिरीचा होतो, बारीक म्हणजे चांगलं. इथे ते उलटं पडतं. हा फिल्टर लिफ्ट पंपाच्या आधी, ओढणाऱ्या बाजूला आहे, तिथे २ मायक्रॉन लावला तर पंपाचा जीव जातो आणि पाठोपाठ व्हीपी ४४चा. बारीक गाळायचं काम इंजिनावरच्या फिल्टरला करू द्या. मी लाल एलिमेंटवर सुरुवात केली, टाकीतली घाण निघून काटा स्थिर झाल्यावर निळ्यावर आले.

बदलायची रीत सोपी आहे, हात मात्र स्वच्छ हवेत. टाकीकडून येणाऱ्या लाइनवरची चावी (डिझेल बंद करायचा व्हॉल्व्ह) बंद. वाडग्यातलं थोडं डिझेल खाली काढायचं. झाकण उघडून एलिमेंट हळूहळू, पिळत वर घ्यायचा, घाईने उचलला तर सगळं डिझेल हातावर. झाकणाचं रबर आणि मुठीखालची छोटी ओ-रिंग नवीन एलिमेंटच्या पुड्यातच येतात. जुनी दोन्ही काढली का हे बोट फिरवून बघा. नवीन रबरांना डिझेलचं बोट लावा. झाकण उघडं असतानाच स्वच्छ डिझेल काठोकाठ भरा आणि मूठ हाताने आवळा. पाना लावू नका.

बोट फिरवण्याचा आग्रह का, तर फिल्टर ज्या गॅरेजात पहिल्यांदा बसवून घेतला तिथेच सर्व्हिसच्या वेळी जुन्या रबरावर नवीन रबर चढवलं गेलं होतं. ओढणाऱ्या बाजूची गळती बाहेर दिसत नाही. डिझेल टपकत नाही, हवा आत शिरते. गाडी दिवसभर छान, सकाळी मात्र स्टार्टर रडवायची. लिफ्ट पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडली आणि बुडबुड्यांची रांग दिसली, तेव्हा उलगडा झाला. गॅरेजवाले शेवटपर्यंत 'बॅटरी बघा' म्हणत होते.

इंजिनावरचा गोल, आटे असलेला फिल्टर मी त्याच दिवशी बदलत नाही. आधी रॅकॉरचा एलिमेंट बदलते, गाडी थोडी फिरवते, मग दुसऱ्या दिवशी तो. दोन्ही एकदम उघडले आणि एअर धरली तर शोधणार कुठे? गोल फिल्टर सोडवण्याआधी खालून जाड झिपवाली प्लास्टिकची पिशवी चढवा, फिल्टर आणि सांडणारं डिझेल दोन्ही पिशवीत पडतं, गादी वाचते. नवीन फिल्टरच्या मधल्या भोकातून डिझेल ओतून भरायची सवय असेल तर सोडा. ते न गाळता सरळ पंपात जातं. या इंजिनावर चावी क्षणभर स्टार्टला नेऊन सोडली की लिफ्ट पंप वीस-पंचवीस सेकंद आपोआप चालतो. तसं तीन-चार वेळा करा, मागे घूं आवाज ऐका, मग स्टार्टर. सलग ३० सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि मधे दोन मिनिटं थंड होऊ द्या.

२००३ आणि नंतरचं कॉमन रेल इंजिन (सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून खूप दाबाचं डिझेल देणारं) असणाऱ्यांसाठी एकच गोष्ट, पण जिवाची. ट्रॅक्टरसारखे इंजेक्टरचे नट सैल करून एअर काढायला जाऊ नका. तिथे दाब १,६०० बारच्या घरात जातो. इतक्या दाबाची डिझेलची बारीक चिळकांडी कातडीत शिरते, जखम टाचणीएवढी दिसते आणि ऑपरेशनपर्यंत प्रकरण जातं.

थंडीत हा फिल्टर काही जादू करत नाही. जानेवारीत अर्धी मोटरहोमवाली जनता ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात असते, आम्हीही गेलो होतो. तिथल्या उबदार हवेतलं डिझेल भरून कोलोरॅडोला परतलात की त्यातलं मेण गोठून एलिमेंटवर बसतं. वाडग्यात डिझेल ताकासारखं दिसायला लागलं तर समजा, वेळ झाली. गोठण्याआधी अँटी-जेल (मेण जमू नये म्हणून डिझेलात मिसळायचं रसायन) टाकायचं असतं, गोठल्यावर टाकून उपयोग थोडा. आम्ही आता न्यू मेक्सिको ओलांडताना टाकी मुद्दाम खाली येऊ देतो आणि डोंगर लागले की तिथलं हिवाळी डिझेल भरतो.

न आवडलेलं: एलिमेंट वर उचलायला डोक्यावर जागा लागते. आमच्याकडे चौकटीची एक पट्टी आडवी येते, म्हणून फिल्टर तिरका करून काढावा लागतो आणि प्रत्येक वेळी थोडं सांडतंच. बसवून घेताना जागेचं माप स्वतः घ्या, गॅरेजवाल्याला सोयीची भिंत दिसते, तुमचा हात नाही. पुन्हा घ्यायचा झाला तर वाडग्याखाली धातूची ढाल असलेला, बोटींसाठीचा प्रकार घेईन. इंजिनाच्या खोलीत नुसतं प्लास्टिक असणं आगीच्या दृष्टीने मला खटकतं. फिल्टरच्या दोन्ही बाजूंना लाइन बंद करायची चावी हवी, आमच्याकडे एकाच बाजूला आहे. ती दुसरी या उन्हाळ्यात बसवतेय.