वॉटर कूलिंगसाठी कॅबिनेट: तयार घ्यावं, जुनं कापावं की घरी घडवावं?

कस्टम वॉटर कूलिंग करायचं ठरलं की पहिला पैसा ब्लॉक (चिपवर बसणारा, आतून पाणी वाहणारा धातूचा ठोकळा) आणि नळ्या जोडणाऱ्या चकचकीत फिटिंग्जवर जातो, आणि कॅबिनेट उरलेल्या बजेटमध्ये बसवलं जातं. क्रम उलटा हवा. पाणी उष्णता फक्त वाहून नेतं. ती खोलीत सोडायचं काम रेडिएटरचं, आणि रेडिएटरला बाहेरची ताजी हवा मिळणार की आधीच तापलेली, हे कॅबिनेट ठरवतं. म्हणून ही तुलना कॅबिनेटपासून सुरू करतोय.

त्याआधी एक खात्री करून घ्या. फक्त सीपीयू थंड करायचा असेल तर कस्टम लूपच्या (ब्लॉक, पंप, रेडिएटर नळ्यांनी स्वतः जोडून केलेल्या पाण्याच्या फेरीच्या) वाटेला जाऊ नका. रायझन ९ ७९५०एक्स २३० वॉटपर्यंत वीज घेतो आणि ९५ अंशांपर्यंत चालण्यासाठीच बनवलेला आहे. त्याची उष्णता नखाएवढ्या चिपलेटमधून बाहेर पडते, त्यामुळे अडथळा पाण्यात नसतो, चिप आणि ब्लॉक यांच्यामधल्या थरांत असतो. चांगला ३६० मिमीचा सीलबंद एआयओ (पाणी भरूनच येणारा तयार संच) आणि महागडा कस्टम लूप यांच्यात अशा सीपीयूवर थोड्याच अंशांचा फरक दिसतो. खरा फायदा ग्राफिक्स कार्डाला होतो. ४५० वॉटचं आरटीएक्स ४०९० हवेवर साधारण ६५ ते ७५ अंशांवर चालतं. पाण्यावर तेच ५०च्या आसपास राहतं, आणि पंखे जेमतेम ऐकू येतात. कार्ड लूपमध्ये घेणार असाल तरच पुढचं वाचण्यात अर्थ आहे. कार्डाचा मूळ कूलर काढल्यावर वॉरंटी राहते का, हे कंपनीच्या अटींत आधी वाचा.

किती रेडिएटर लागेल? पंखे संथ ठेवून पाणी खोलीपेक्षा दहाएक अंशांनीच गरम राहावं असं वाटत असेल, तर १२० मिमीच्या प्रत्येक तुकड्यामागे १०० वॉट धरा. गेम चालू असताना कार्ड ४५० आणि सीपीयू १०० म्हणजे ५५० वॉट, म्हणजेच ३६०चे दोन रेडिएटर. तिन्ही पर्याय या मापाने तोलू.

तयार कॅबिनेट

खोक्यावर '३६० रेडिएटर बसतो' असं छापलेलं असतं, पण किती जाड ते नसतं. सडपातळ रेडिएटर २७ ते ३० मिमी, पंखा २५ मिमी, म्हणजे किमान ५५ मिमी जागा लागते. छताखाली बसवणार असाल तर छत आणि मदरबोर्डची वरची कड यांच्यातलं अंतर पट्टीने मोजा. वरच्या डाव्या कोपऱ्यातला सीपीयूचा आठ पिनचा कनेक्टर आणि उंच रॅम इथेच आडवे येतात. लांबीतही फसगत होते. ३६०चा रेडिएटर टोकांच्या टाक्यांसकट ३९० ते ४०० मिमी भरतो, आणि पोर्टसमोर फिटिंग व नळी वळायला निदान ४० मिमी मोकळी लागते.

फायदे उघड आहेत. अर्थिंग, स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून उचलून धरणारे छोटे खांब), फिल्टर, काचेचं दार सगळं तयार मिळतं आणि शनिवार-रविवारात जोडणी उरकते. उणीव एकच, पण मोठी: दोन रेडिएटर एकाच पोकळीत असतात. पुढचा बाहेरची हवा आत घेतो, ती तापवून सोडतो आणि छतातला रेडिएटर तीच गरम हवा ओढतो. उपाय म्हणून दोन्हीकडून हवा आत घ्या आणि मागच्या पंख्याने व जाळ्यांतून बाहेर जाऊ द्या. पाणी थोडं थंड राहतं, मात्र रॅम, एसएसडी आणि व्हीआरएम (सीपीयूला वीज पुरवणारं बोर्डावरचं सर्किट) गरम हवेत बसतात.

जुनं कॅबिनेट कापून

लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीच्या परिसरात दुरुस्तीवाल्यांकडे जुनी स्टीलची कॅबिनेट पडून असतात. घेताना एकच बघा: मदरबोर्डचा पत्रा सरळ आहे ना आणि मागची चौकट वाकलेली नाही ना. बाकी सगळं कापता येतं.

पत्रा साधारण ०.६ ते ०.८ मिमीचा असतो. जिगसॉला लोखंडासाठीचं बारीक दातांचं पातं लावा. पत्र्यावर दोन्ही बाजूंनी मास्किंग टेप चिकटवून त्यावर आखा आणि खालून लाकडाचा आधार द्या, नाहीतर पत्रा थरथरतो आणि कड फाटते. १२० मिमी पंख्याचं गोल भोक ११५ मिमीच्या आसपास घ्या, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर १०५ मिमी. रेडिएटरवर तीन पंखे अगदी खेटून बसतात की मध्ये फट राहते, हे रेडिएटरगणिक बदलतं. म्हणून कागदाचा साचा हातातल्या रेडिएटरवरून काढा, इंटरनेटवरून नको. हार्ड डिस्कचे पिंजरे रिव्हेटने जोडलेले असतात. ३.२ मिमी ड्रिलने रिव्हेटचं डोकं उडवलं की पिंजरा सुटतो.

कापताना आत एकही भाग ठेवू नका. लोखंडाचा कीस एसएमपीएसमध्ये (वीजपुरवठ्याच्या डब्यात) किंवा बोर्डावर गेला की शॉर्ट होतो, आणि तो बारीक कण नंतर सापडत नाही. कापून झाल्यावर चुंबक फिरवा, पत्रा धुवा, वाळवा. कापलेल्या कडेवर त्याच दिवशी प्रायमर मारा. कोकणात आणि गोव्यात उघडी कड एका पावसाळ्यात गंजते. शेवटी कडेला यू आकाराची रबरी पट्टी लावा. हात वाचतात आणि नळीही घासत नाही.

घरी घडवलेलं

पहिल्या दोन पर्यायांत न मिळणारी गोष्ट इथे मिळते: दोन कप्पे. मधल्या भिंतीच्या एका बाजूला मदरबोर्ड आणि कार्ड, दुसऱ्या बाजूला दोन्ही रेडिएटर, पंप आणि एसएमपीएस. आतलं माप ४६० मिमी उंच, ४५० मिमी खोल आणि ३५० मिमी रुंद धरा. त्यात बोर्डाच्या कप्प्याला १९० आणि रेडिएटरच्या कप्प्याला १६० मिमी. दोन्ही रेडिएटर बाहेरच्या भिंतीला उभे, शेजारीशेजारी लावले तर २५० ते २६० मिमी जागा खातात. उरलेल्या १९० मिमीत एटीएक्स एसएमपीएस बसतो. त्याच्या वर मात्र एकही फिटिंग येऊ देऊ नका. पंखे बाहेरची हवा फिल्टरमधून आत ओढतात आणि ती रेडिएटरमधून जाऊन मागच्या व वरच्या जाळीतून निघून जाते. दोन्ही रेडिएटरचं क्षेत्रफळ मिळून जवळपास ८६५ चौरस सेंमी होतं. बाहेर जाणारी जाळी त्याहून लहान ठेवली तर कोंडलेली गरम हवा परत फिरते आणि एवढी मेहनत फुकट जाते.

मदरबोर्डचा पत्रा मात्र घरी बनवू नका. एटीएक्स बोर्ड ३०५ × २४४ मिमी, मागच्या पोर्टची खिडकी १५८.७५ × ४४.४५ मिमी, विस्तार स्लॉटमधलं अंतर २०.३२ मिमी. इथे एक मिमीची चूक झाली तरी कार्ड तिरकं बसतं आणि स्लॉटवर ताण येतो. भंगारातल्या कॅबिनेटचा पत्रा मागच्या चौकटीसकट कापून आणा आणि त्याच्याभोवती सांगाडा उभा करा.

सांगाड्याला २०२० (२० × २० मिमीचं, खाचांचं) ॲल्युमिनियम प्रोफाइल सगळ्यात सोपं. काटकोन आपोआप जमतो, एम५ बोल्ट आणि टी-नटने कधीही सोडवता येतं. बाजूंना ५ मिमी ॲक्रिलिक लावा. बोर्ड आणि अक्षरं कापणाऱ्या साइनबोर्डवाल्याकडे लेझर असतोच, त्याला आराखड्याची डीएक्सएफ फाइल दिली की भोकांसकट कापून मिळतं. घरी भोक पाडणार असाल तर ड्रिल संथ ठेवा, खाली लाकूड धरा आणि कडेपासून निदान १० मिमी आत राहा. ॲक्रिलिक आयसोप्रोपिल अल्कोहोलने कधीही पुसू नका. ताण असलेल्या जागी केसासारख्या भेगा पडतात. साबणाचं पाणी पुरेसं आहे. लाकूडच हवं असेल तर १८ मिमी मरीन प्लाय घ्या. एमडीएफ अजिबात नको, थेंबभर पाण्याने कड फुगते आणि ती परत बसत नाही. लाकडाच्या किंवा ॲक्रिलिकच्या पेटीत बोर्डाचा पत्रा एसएमपीएसच्या धातूच्या अंगाला जाड हिरव्या वायरने जोडा, कारण इथे पेटी स्वतः अर्थिंग देत नाही.

बोर्डाच्या कप्प्यात निदान एक १२० मिमी पंखा हवाच. सीपीयूचा कूलर गेला की व्हीआरएमवरून वाहणारी हवाही जाते, हे पुष्कळजण विसरतात.

आमचा कौल असा: पहिलाच लूप असेल आणि एक रेडिएटर पुरत असेल तर तयार कॅबिनेट. दोन रेडिएटर हवेत, जिगसॉ हाताला सरावलेला आहे, तर जुनं कापा. खोली उन्हाळ्यात एसीशिवाय असते आणि मशीन तासन्‌तास पूर्ण ताकदीने चालतं, म्हणजे रेंडरिंग किंवा मॉडेल ट्रेनिंग, तर दोन कप्प्यांची पेटी घडवण्याचे कष्ट वसूल होतात.

नळी: मऊ की कडक

इथे नागपूर-चंद्रपूरचा उन्हाळा निर्णय बदलतो. साध्या रेडिएटरवर पाणी खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही. खोली ३८ अंशांवर असेल तर जोरात काम चालू असताना पाणी ४८ ते ५२ वर जातं. अशा लूपमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या डी५ पंपाची मर्यादा ६० अंश आहे, आणि पीईटीजी या पारदर्शक प्लास्टिकची कडक नळी ६०च्या जवळ मऊ पडून फिटिंगमधून सरकू शकते. पंखा किंवा पंप बंद पडला तर ही दरी झपाट्याने मिटते. अशा खोलीत कडक नळी हवीच असेल तर ॲक्रिलिकची घ्या, ती जास्त तापमान सोसते. पण कापताना तडकते आणि वाकवायला जास्त उष्णता मागते. विदर्भातल्या कूलरचा झोत रेडिएटरला मिळाला तर उत्तमच, फक्त तुषार थेट अंगावर येऊ देऊ नका. क्षार पात्यांवर जमतात.

सीपीयू, कार्ड, दोन रेडिएटर आणि टाकीसह पंप अशा पाच भागांना दहा फिटिंग्ज लागतात, वर ड्रेनसाठी एक टी, एक बॉल व्हॉल्व्ह आणि तीन-चार फिरत्या ९० अंशांच्या फिटिंग्ज. मऊ नळी १०/१६ मिमीची (आतला/बाहेरचा व्यास) ३ मीटर पुरते. १०/१३ स्वस्त आणि नाजूक दिसते, पण घट्ट वळणावर चिमटते. पारदर्शक पीव्हीसीतला प्लास्टिसायझर (नळी मऊ ठेवणारं रसायन) हळूहळू पाण्यात उतरतो आणि ब्लॉकच्या बारीक पात्यांत पांढरा थर साचतो. काळी ईपीडीएम रबराची नळी दिसायला साधी, पण हा त्रास देत नाही. आम्ही पहिल्या लूपला हीच सुचवतो.

कडक नळीत गळतीचं मुख्य कारण वळण नसतं, टोक असतं. कापलेल्या टोकाची बाहेरची कड धारदार राहते आणि आत ढकलताना फिटिंगमधल्या ओ-रिंगला (पाणी अडवणाऱ्या रबरी कडीला) चीर देते. ती चीर डोळ्यांना दिसत नाही, दोन दिवसांनी थेंब दिसतो. म्हणून प्रत्येक टोक डीबरिंग टूलने बाहेरून तिरकं घासा, बोटाने फिरवून बघा, पाण्याने ओलं करा आणि सरळ रेषेत ढकला. वाकवताना आत सिलिकॉनची दोरी घाला, नळी सतत फिरवत ठेवा. बुडबुडे दिसले तर जास्त तापली, तो तुकडा फेका. वाया जाणारं धरून गरजेच्या दीडपट नळी घ्या.

भाग कोणत्या क्रमाने जोडायचे यावर डोकं शिणवू नका. मिनिटाला ४ लिटर प्रवाहात ६०० वॉटने पाणी संपूर्ण फेरीत दोनेक अंशच तापतं. नळी सगळ्यात छोटी पडेल तो क्रम घ्या; फक्त टाकी पंपाच्या आधी आणि वर हवी.

पाणी भरताना आणि काढताना

ऑनलाइन मिळणारे स्वस्त रेडिएटर बहुधा ॲल्युमिनियमचे असतात. तांब्याच्या ब्लॉकसोबत ते एका लूपमध्ये आले की ॲल्युमिनियम झिजतं आणि ब्लॉक चिखलाने भरतो. तांबं-पितळ असं स्पष्ट लिहिलेलाच घ्या, आणि जोडण्याआधी कोमट डिस्टिल्ड पाण्याने, पाणी स्वच्छ येईपर्यंत, हलवून धुवा. आत सोल्डरिंगचं फ्लक्स असतं. पंख्याचे स्क्रू २५ मिमी पंख्याला ३० मिमीचेच वापरा. लांब स्क्रू थेट रेडिएटरच्या वाहिनीत घुसतो.

आरओचं पाणी नको, त्यात क्षार उरतात. पेट्रोल पंपावरच्या बॅटरीच्या पाण्याचा दर्जा बाटलीगणिक बदलतो. डिस्टिल्ड पाण्यात गंजरोधक आणि जैवनाशक घाला किंवा तयार स्वच्छ कूलंट घ्या. दुधाळ रंगांचे कूलंट फोटोत छान दिसतात, पण त्यातले कण खाली बसतात.

भरण्याआधी हवेच्या टेस्टरने ०.५ बार दाब देऊन अर्धा तास काटा बघा. मग फक्त पंपाला वीज द्या, बाकी सगळ्या वायरी काढलेल्या. २४ पिनच्या कनेक्टरला तयार जंपर लावला की एसएमपीएस चालू होतो. टाकी भरा, पाच सेकंद पंप, परत भरा. डी५चं बेअरिंग पाण्यावरच चालतं, म्हणून तो कोरडा फिरवू नका. पेटी चारही बाजूंना तिरकी करा म्हणजे रेडिएटरमधली हवा निघते. प्रत्येक जोडाखाली टिश्यू ठेवून २४ तास चालू द्या. दोन रेडिएटरच्या लूपमध्ये सुमारे लिटरभर पाणी बसतं.

वर्षातून एकदा पाणी बदलावं लागतं, आणि इथे तिन्ही पर्यायांतला फरक पुन्हा दिसतो. तयार कॅबिनेटमध्ये सगळ्यात खालची जागा बहुधा एसएमपीएसच्या झाकणाखाली अडते, मग पेटी उलटी करून पाणी काढावं लागतं. कापलेल्या किंवा घडवलेल्या पेटीत बॉल व्हॉल्व्ह तळाशी, मागच्या भिंतीतून बाहेर काढा आणि टाकीवर एक झाकण हवेसाठी उघडं करता येईल असं ठेवा. वरून हवा शिरल्याशिवाय खालून पाणी निघत नाही.