ऑफर लेटर आलं, मग पैसे मागितले. माझे ३८,५६० गेले, तुमचे जाऊ देऊ नका

३८,५६० रुपये. नोकरीच्या नावाखाली एवढे गेले माझे आणि हातात अजून एक रुपया परत आलेला नाही. आकडा आधीच सांगून टाकते, कारण सगळे पहिलं तेच विचारतात आणि मग माझ्याकडे असं बघतात की एवढी शिकलेली बाई आणि कशी काय फसली. मी अकाउंट्समध्ये कित्येक वर्षं काम केलंय, दुसऱ्यांची बिलं तपासणं हीच माझी नोकरी होती. नोकरी गेलेली, घराचा हप्ता चालू, महिनोन्महिने कुठून साधा रिप्लाय नाही, अशा माणसाला हे लोक बरोबर हेरतात, तुमच्या डिग्रीशी त्यांना काही देणंघेणं नसतं.

इंटरव्ह्यूच्या आधीच रजिस्ट्रेशन फी मागणारे, घरबसल्या लाइक करा आणि कमवा म्हणणारे, हे सगळे आपल्याला पाठ झालेत. तसले फोन मी ढिगाने कट केलेत. म्हणून तर सांगतेय की आता पद्धत बदललीये, आता पैसे सिलेक्शन झाल्यावर मागतात.

माझा रिझ्युमे एका जॉब पोर्टलवर होता, तिथूनच उचलला असणार, कारण फोन करणाऱ्या मुलीला माझी आधीची कंपनी, अनुभव, अपेक्षित पगार सगळं माहीत होतं. कंपनी नावाजलेली, म्हणजे नाव खऱ्या कंपनीचं, माणसं भलतीच. आधी एक्सेलची टेस्ट झाली, मग व्हिडिओ कॉलवर इंटरव्ह्यू. समोरच्याचा कॅमेरा बंद, नेटवर्कचं कारण सांगितलं, पण प्रश्न इतके नेमके की संशय यायला जागाच नाही. जीएसटीआर २बी आणि परचेस रजिस्टर कसं जुळवता, सप्लायरने इन्व्हॉइस अपलोडच केलं नाही तर क्रेडिटचं काय करता, टीडीएसचं कलम १९४सी कुठे लावायचं आणि १९४जे कुठे. हे प्रश्न कुठलाही रस्त्यावरचा भामटा विचारू शकत नाही, ज्याने विचारले त्याने कधीतरी अकाउंट्समध्ये काम केलेलंच असणार. मला अजूनही त्या माणसाचा सगळ्यात जास्त राग येतो, बेरोजगार माणसाला पाऊण तास परीक्षा द्यायला लावायची, वर "व्हेरी गुड मॅम" म्हणायचं, आणि मनात हिशोब करायचा की हिच्याकडून किती निघतील.

मग ऑफर लेटर. सीटीसी ५,४०,०००, बेसिक, एचआरए, पीएफ असं सगळं फोडून दिलेलं, लोगो, सही, शिक्का, जॉइनिंगची तारीख. घरात सगळ्यांना दाखवलं मी ते.

पहिली मागणी २,३६० ची. डॉक्युमेंट व्हेरिफिकेशन, २,००० अधिक १८ टक्के जीएसटी. दुसरी ५,९००, बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, म्हणजे ५,००० अधिक जीएसटी. तिसरी १८,५००, लॅपटॉपचं डिपॉझिट, पहिल्या पगारासोबत परत मिळणार असं लेखी. हे मी भावाकडून घेतले. चौथी ११,८००, सॅलरी अकाउंट आणि ग्रुप इन्शुरन्स सुरू करायला. बघा कसं केलंय, पहिली रक्कम इतकी छोटी की एवढ्यासाठी कशाला वाद घाला, आणि पुढच्या प्रत्येक वेळी मनात हेच की आधीचे भरलेत, आता थांबले तर तेही बुडतील. पाचवी मागणी आली २४,७८० ची, म्हणे तुमची रिफंड फाइल सिस्टीममध्ये अडकलीये, हे भरा म्हणजे सगळं एकदम मोकळं होईल. तिथे मी कंपनीच्या खऱ्या वेबसाइटवरचा बोर्ड नंबर शोधून फोन लावला. पलीकडच्या बाईने माझं वाक्यही पूर्ण होऊ दिलं नाही. "मॅडम, पैसे भरलेत का? या नावाने आमच्याकडे कोणी एचआर नाही." म्हणजे असे फोन त्यांना रोजचेच असणार!

आता जे मला रात्री झोपू देत नाही ते सांगते. पहिल्या २,३६० ची रीतसर पावती आली होती, टॅक्स इन्व्हॉइस, जीएसटी नंबरसकट. ती पीडीएफ मी उघडली, मोठी करून बघितली, आणि समाधान वाटलं मला की चला, बिल तरी व्यवस्थित आहे. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो हे माहीत असेल. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्र २७, दिल्ली ०७. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. आणि पॅनचं चौथं अक्षर सांगतं की हे पॅन कोणाचं आहे, पी म्हणजे व्यक्ती, सी म्हणजे कंपनी. म्हणजेच जीएसटी नंबरचं सहावं अक्षर बघायचं. माझ्या पावतीवर कंपनीचा पत्ता पुण्याचा, नंबर सुरू होतोय ०७ ने, आणि सहावं अक्षर पी. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावाचं बिल आणि आत पॅन कुणा एका माणसाचं! ०७ चं एकवेळ ठीक आहे, मोठ्या कंपन्यांची नोंदणी बऱ्याच राज्यांत असते, पण पी ला काही उत्तरच नाही. ऑफिसात असं बिल आलं असतं तर मी ते त्याच मिनिटाला व्हेंडरच्या तोंडावर परत मारलं असतं. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकायचा, कोणाच्या नावावर आहे ते दिसतं, लॉगिनसुद्धा लागत नाही. हे मी रोज करायचे. रोज.

आणि दुसरं, यूपीआयवर पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर नाव येतं ना, तिथे कंपनीचं नाव नव्हतंच, कुठल्यातरी एंटरप्रायझेसचं होतं. ते मी वाचलं होतं, विचारलंही होतं. उत्तर मिळालं की व्हेरिफिकेशन बाहेरची एजन्सी करते, पेमेंट थेट त्यांना जातं. आता सांगा, यात न पटण्यासारखं काय आहे? बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन बाहेरच्या एजन्सीला देतातच, माझ्या आधीच्या कंपनीतही दिलेलं होतं, त्यांची बिलं मीच पास करायचे. पण ती बिलं कंपनीच्या नावाने यायची, कंपनी भरायची. उमेदवाराकडून त्यातला एक पैसा घेतल्याचं मी कधी पाहिलं नाही. तुम्हाला कोणी सांगितलं की उमेदवाराने भरायचंय, तर तिथेच फोन ठेवा, पुढचं काही ऐकूच नका, कारण त्यांच्याकडे प्रत्येक शंकेचं उत्तर तयार असतं.

ईमेलचंही तसंच. कंपनीच्या नावापुढे हायफन आणि मग करिअर्स. दिसायला एकदम बरोबर. पण खऱ्या कंपनीच्या वेबसाइटचा पत्ता वेगळा, त्यात हायफन नाही. ॲटच्या पुढचं अक्षर न् अक्षर वेबसाइटशी जुळवून बघा, आणि वेबसाइट त्यांनी पाठवलेल्या लिंकवरून उघडू नका, स्वतः शोधा.

तक्रारीचं तर विचारूच नका. कळल्या कळल्या १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार टाकली, नंबर मिळाला. हे मात्र तुम्ही ताबडतोब करा, रडत बसू नका, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरत असतात आणि जे फिरायचं राहिलंय तेवढंच अडवता येतं. माझे ४,२१२ अडले. बाकीचे तोवर निघून गेले होते. आणि तो यूटीआर नंबर म्हणतात ना व्यवहाराचा, तो प्रत्येक पेमेंटचा लिहून ठेवा, नुसत्या स्क्रीनशॉटवर काम भागत नाही.

त्यानंतर पोलिस ठाणं. तिथे पहिलं वाक्य, "मॅडम, पैसे तुम्हीच पाठवले ना? कोणी जबरदस्ती केली का?" मग म्हणे हे सायबरचं काम आहे, तिकडे जा. सायबरवाले म्हणे रक्कम लहान आहे, तुमच्या ठाण्यातच द्या. परत ठाण्यात आले तर साहेब बंदोबस्ताला, उद्या या. आयटी ॲक्टच्या गुन्ह्याचा तपास इन्स्पेक्टर किंवा त्याच्या वरच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो हे मला नंतर समजलं, ठीक आहे, मान्य, पण तपास कोणी करायचा हा तुमचा प्रश्न आहे, तक्रार लिहून घ्यायला काय झालं? शेवटी उत्तर काय, तर ऑनलाइन तक्रार केलीये ना, झालं की. नाही झालं! पोर्टलवरची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहितीये. कायदा बघा, १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू आहेत, फसवणूक म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवलं तर ३१९, ऑनलाइन केलं तर आयटी ॲक्टचं ६६डी. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की हद्द कुठलीही असो, माहिती घ्यायची. आणि ठाण्याने नकार दिला तर पोलिस अधीक्षकांकडे लेखी पाठवायचं, तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. हे मी कुठल्या वकिलाला पैसे देऊन नाही शिकले, त्या बाकड्यावर बसून मोबाईलवर वाचलंय, समोर हवालदार चहा पीत होता आणि माझा अर्ज त्याच्या टेबलावर तसाच पडलेला. पोच मागितली तर म्हणे शिक्का आतल्या रूममध्ये आहे. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका, कितीही वेळ बसवलं तरी.

बँकेची वेगळीच तऱ्हा. मी रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक घेऊन गेले, तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य वगैरे. काउंटरवरच्या माणसाने न वाचताच सांगितलं की ते तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे, तुम्ही स्वतः पिन टाकलाय. नियम म्हणून ते बरोबर असेलही, पण मग ते एंटरप्रायझेसचं खातं कुठल्यातरी बँकेनेच उघडलंय ना, केवायसी करून? माझ्यासारख्या पगारदार बाईला खातं उघडताना पत्त्याच्या पुराव्यावरून परत पाठवतात आणि यांचं खातं आरामात उघडतं, त्यात दिवसभर लोकांचे पैसे येतात, संध्याकाळपर्यंत रिकामं होतं, आणि कोणाला काही वेगळं वाटत नाही? हे विचारलं तर "ते आमच्या शाखेचं नाही." आणि ते अडलेले ४,२१२ पण माझ्याच खात्यात यायला कोर्टाचा आदेश आणा म्हणतात. जॉब पोर्टलने तर मेलला साचेबंद उत्तर पाठवलं की उमेदवारांनी सावध राहावं. अरे, माझा रिझ्युमे बघायचे पैसे तुम्ही घेतलेत त्यांच्याकडून, आणि सावध मी राहू?

जे आत्ता नोकरी शोधतायत त्यांनी एवढं तरी करा. कंपनीचा सीआयएन, म्हणजे तिचा नोंदणी क्रमांक मागा, २१ अक्षरांचा असतो, कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर टाकून पत्ता आणि नाव बघा. पण नुसतं तेवढ्यावर विसंबू नका, माझ्या केसमध्ये सीआयएन खरा होता, खऱ्या कंपनीचाच चोरलेला. म्हणून ऑफर आली की कंपनीच्या बोर्ड नंबरवर फोन करून नाव सांगून विचारा, लाज वाटू देऊ नका, नोकरी जाईल म्हणून घाबरू नका. मी नेमकी त्याच भीतीने आधी फोन केला नाही, कारण ती एचआर म्हणाली होती की जॉइनिंगआधी ऑफर कॉन्फिडेन्शियल आहे, बाहेर बोललात तर रद्द होईल. गुप्तता सांगितली की समजून जा. परत मिळणारं डिपॉझिट हा शब्द ऐकला तरी तेच. स्क्रीन शेअर करायचं ॲप टाकायला सांगितलं तर अजिबात नाही. आणि तुमच्या खात्यात पैसे पाठवतो, ते पुढे अमक्याला पाठवा, हेच तुमचं काम, असं कोणी म्हणालं तर तुमचं खातं चोरीचा पैसा फिरवायला वापरतायत, गोठवलं जाईल आणि पोलिस तुमच्या दारात येतील. तेव्हा मात्र लगेच येतात.

कागदपत्रांचं मला सगळ्यात उशिरा सुचलं. आधार, पॅन, कॅन्सल्ड चेक, जुन्या सॅलरी स्लिपा, सगळं त्यांच्याकडे आहे. द्यायचंच झालं तर मास्क्ड आधार द्या, त्यात नंबरचे शेवटचे चारच आकडे दिसतात, झेरॉक्सवर कशासाठी आणि कोणाला दिलं ते आडवं लिहा. पैसे गेले असतील तर आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, संचार साथी या सरकारी पोर्टलवर जाऊन आपल्या नावावर किती सिम आहेत बघा. आणि क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांची नोंद काढा, प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. मी काढला तर त्यात एका लोन ॲपकडे माझ्या नावाने कर्जासाठी केलेली चौकशी दिसली जी मी कधी केलेलीच नाही. म्हणजे ३८,५६० वर थांबले नाहीत ते. ब्युरोकडे डिस्प्यूट टाकलाय, ३० दिवसांत निकाली निघाला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये भरपाई द्यायची असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ते मी मागणार आहे, एक दिवस सोडणार नाही.