मिरजेचा तंबोरा, आठ महिने वापरून: सगळं जवारीवर येऊन थांबतं

घेतला तेव्हाच लिहिणार होते, पण राहून गेलं ते बरंच झालं. तेव्हा नुसतं कौतुक लिहिलं असतं आणि मार्चमध्ये लिहिलं असतं तर नुसता राग. चार तारांचा, बायकांच्या पट्टीचा, मिरजेच्या सतारमेकर गल्लीत सांगून करून घेतलेला, २८ हजार. त्याआधी सहा वर्षं फोनवरच्या तंबोऱ्याच्या ॲपवर रियाज केला, त्यामुळे पैसे देताना पोटात गोळा आला होता आणि घरी 'ॲप काय वाईट होतं' हे ऐकून झालं होतं.

उशिराचं आधी सांगते. दोन महिने म्हणाले होते, लागले चार. ऑर्डर जूनमध्ये दिली, मग पाऊस. दमट हवेत लाखेचं पॉलिश पांढुरकं पडतं म्हणून तंबोरा करणाऱ्या चाचांनी पॉलिशला हातच लावला नाही, आणि मी इकडे फोन करकरून वैतागलेली. शेवटी ऑगस्टमध्ये न सांगता जाऊन उभी राहिले. तिथे दुसऱ्या कोणाच्या तरी तंबोऱ्याचा भोपळा कापून ठेवला होता, तोंड पसरावं म्हणून आत आडव्या काठ्या अडकवलेल्या. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, वाळायलाच महिने जातात, मग पाण्यात भिजवून मऊ करायचे, आतून खरवडायचे, काठ्या घालून परत वाळू द्यायचे. ते बघितल्यावर माझा फोन करायचा जोर ओसरला.

दसऱ्याच्या आधी तंबोरा घरी आला, खंडेनवमीला पूजा केली. पहिले चार महिने काय वाजला! जोडाच्या तारा (मधल्या दोन, सा च्या) नीट लागल्या की खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सा च्या, तारेतून गंधार आपोआप ऐकू यायचा, ॲपमध्ये तो मला सहा वर्षांत कधी असा जाणवला नव्हता.

फेब्रुवारीत आवाज बसला. पंचमाची तार नुसती टण् वाजून गप्प, तार आणि घोडी (तारा टेकतात तो तुकडा) यांच्यामधलं सूत, म्हणजे दोरा, कितीही वरखाली सरकवलं तरी खुलेना. प्रवास आणि एक रजा वाचवायची म्हणून इथेच पुण्यात एका दुकानात जवारी काढून घेतली, म्हणजे घोडीचा माथा कानशीने घासून आवाज खुलवून घेतला, ८०० रुपये, अर्ध्या तासात 'झालं' म्हणून हातात दिला. घरी आणून लावला तर पत्र्यासारखा झणझणाट. परत गेले तर म्हणे तंबोराच असा आहे, जिथून घेतला तिथे न्या. पैसे परत दिले नाहीत ते नाहीतच, वर घोडीवर कानशीचे ओरखडे. मला अजून त्या ८०० चा राग आहे.

मग कोयना एक्स्प्रेसने मिरज, मांडीवर तंबोरा. चाचांनी घोडीवरून बोट फिरवलं, पुण्याच्या कामाबद्दल चकार शब्द काढला नाही. विचारलं एवढंच, "ताई, पट्टी उतरवली का?" उतरवली होती! डिसेंबरात घसा धरला तेव्हापासून काळी पाचवरून (पेटीवरची पट्टी) खाली काळी चारवर गातेय. तारा सैल झाल्या, घोडीवर टेकायची त्यांची रीत बदलली, आणि जवारी तर काळी पाचच्या ताणावर काढलेली. म्हणजे फेब्रुवारीत मी त्यांच्या कामाला मनातल्या मनात जी नावं ठेवली ती सगळी मागे घेते.

"गाऊन दाखवा," म्हणाले. मी सा लावला. त्यांनी थोड्या जाड तारा चढवल्या, एक तार बाजूला सारून कानशीचे दोन-तीन हात मारले, भुसा फुंकला, तार जागेवर, छेडली, कान भोपळ्याजवळ. परत तार बाजूला. हे असं दोन तास, चार तारांसाठी. घोडीचा माथा वरवर सपाट दिसतो पण त्याला किंचित उतार असतो, तार त्यावर घासत कंप पावते आणि त्यातून ते वरचे स्वर फुटतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर लिहिलंय, तार जिथे छेडली तिथल्या हिशोबाने जे वरचे स्वर येऊच नयेत तेही या घोडीमुळे येतात. तो उतार केसाएवढा चुकला तरी काय होतं ते मी ८०० रुपये देऊन ऐकलंय.

खर्ज राहिला होता तेव्हा चहा झाला आणि मी मीरासाहेबांच्या दर्ग्यात जाऊन आले. तिथे अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे, १९३७ साली गेले. ते स्वतः वाद्यं दुरुस्त करायचे, जवारी काढायचे, एवढा मोठा गवई! आले तर चाचा अजून खर्जावरच. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते चांगलंच झालं, पण हे दोन तासांचं काम शिकायला पुढची मुलं बसतायत का, याची मला खरी काळजी वाटते. जवारीचे दीड हजार घेतले, मी एक पैसा कमी करून मागितला नाही.

तक्रारी आहेत. सोबत दिलेली गवसणी (खोळ) टाकाऊ, तीन महिन्यांत चेन गेली, एवढ्या किमतीत बरी द्यायला हवी होती. पंचमाच्या तारेचा, सूर बारीक जुळवायचा मणी सरकतो. आता जून लागल्यापासून एक खुंटी फुगून अडकतेय, कसंबसं काम भागवतेय.

ॲप फोनमधून काढलं नाहीये, प्रवासात लागतं. पण सकाळी साडेपाचला तंबोराच. सुराला लावायला वीस मिनिटं जातात, पूर्वी तेवढ्यात माझे पलटे संपायचे, आता ती वीस मिनिटं मी रियाजातच धरते. पुढची जवारी दिवाळीनंतर, मिरजेलाच, आणि तोवर काळी चार सोडणार नाही.