मॅगव्हीलची मागची बाजू बघितली नाही आणि १४,७०० रुपये देऊन बसलो

जुलै २०२४. कोल्हापूरहून रात्री पुण्याला परतत होतो. खंबाटकीचा बोगदा सोडला आणि शिरवळच्या अलीकडे पुलाच्या कामामुळे सगळी वाहनं सर्व्हिस रोडवर वळवलेली होती. पाऊस चालू होता, रस्ता दिसत होता तो फक्त पुढच्या ट्रकच्या लाल दिव्यांपुरता. पुढचं डावं चाक पाण्याने भरलेल्या खड्ड्यात असं आपटलं की मागे झोपलेली मुलगी दचकून उठली. टायर फुटला नाही, गाडी घरापर्यंत आली. त्यामुळे वाटलं, निभावलं.

दुसऱ्या दिवसापासून ऐंशीच्या पुढे गेलं की स्टिअरिंग थरथरायला लागलं आणि त्या चाकातली हवा दर तीन-चार दिवसांनी उतरायला लागली. पंक्चरवाल्याने टायर पाण्यात बुडवून पाहिला. म्हणाला, टायरला काही नाही साहेब, मॅगव्हील (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं चाक) आतल्या बाजूने वाकलंय, टायरची आतली कडा, म्हणजे बीड, नीट बसत नाहीये. गाडी क्रेटा, सतरा इंची डायमंड कट मॅगव्हील, म्हणजे दर्शनी बाजू लेथवर कापून चकचकीत केलेली. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नव्या चाकाचे साडेतेरा हजार सांगितले. विम्याचा क्लेम घेतला असता तर ४५ टक्के नो क्लेम बोनस गेला असता, म्हणून तो विचार सोडला. तेव्हा साडेतेरा हजार फार वाटले. आज ते आठवलं की जीवाला लागतं.

मग शोधाशोध करून शहराच्या दक्षिण टोकाचं एक दुकान गाठलं. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण मला सांगायची आहे ती पद्धत, आणि ही पद्धत एकाच दुकानात नाही हे मला नंतर कळलं. दुकान चकचकीत. भिंतीवर आधीचे-नंतरचे फोटो, काचेच्या कपाटात आरशासारखी चार चाकं. मालक अगदी आपुलकीने बोलले. बेंड काढून आर्गन वेल्डिंगचे (आर्गन वायूच्या आवरणात केलेलं वेल्डिंग) साडेतीन हजार, आणि बाकीच्या चाकांवर फूटपाथला घासल्याचे ओरखडे होतेच, तर चारही चाकांना संगणकावर चालणाऱ्या सीएनसी लेथवर नवा डायमंड कट, प्रत्येकी २,८००. एकूण १४,७००. एका नव्या चाकाच्या पैशात चारही चाकं नव्यासारखी होणार, हा हिशोब मला पटला. सात हजार आगाऊ दिले. त्यांनी गाडीला तात्पुरत्या लोखंडी डिस्क लावून दिल्या आणि माझी चाकं ‘वर्कशॉपला’ गेली. वर्कशॉप कुठे आहे, हे मी विचारलं नाही. पहिली चूक इथे झाली. लेथ दुकानात नव्हतं, वेल्डिंग मशीन दुकानात नव्हतं, दुकानात फक्त फोटो होते.

दोन दिवसांचे चार दिवस झाले. पाचव्या दिवशी फोन आला, चाकं तयार आहेत. गेलो तेव्हा चारही चाकांवर टायर चढवलेले, हवा भरलेली, दोन तर गाडीला बसवूनही झालेली. दर्शनी बाजू झगझगीत. मी खूश झालो. आता इतक्या महिन्यांनी विचार करतो तेव्हा कळतं की सगळी फसवणूक त्या एका गोष्टीत होती: टायर आधीच चढवलेले होते. मॅगव्हीलचं दुखणं असतं आतल्या बाजूला, जिथे टायर बसतो त्या ड्रमवर आणि त्याच्या मागच्या कडेवर. टायर चढला, चाक गाडीला लागलं की ती बाजू कुणाला दिसत नाही. दिसतो तो चेहरा, आणि चेहरा रंगवायला एक दुपार पुरते.

बिल मागितलं तर पॅडच्या कागदावर ‘मॅगव्हील काम, ४ नग, १४,७००’ असं लिहून दिलं. जीएसटी नंबर नाही, कोणत्या चाकाला वेल्डिंग केलं ते नाही. वर्षभराची वॉरंटी तोंडी. उरलेले ७,७०० मी मोबाइलवरून पाठवले, तेव्हा स्क्रीनवर दुकानाच्या नावाऐवजी एका व्यक्तीचं नाव आलं. क्षणभर थबकलो होतो, पण मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती, भिडेपोटी बटण दाबलं. तुम्ही तिथे थांबा. पैसे हातात असेपर्यंतच तुमच्या प्रश्नाला उत्तर मिळतं.

पहिले दहा-बारा दिवस बरे गेले. थरथर थोडी होती, वाटलं बॅलन्सिंग करून घ्यावं. मग एका सकाळी गाडीच्या स्क्रीनवर हवेच्या दाबाचा इशारा आला. तेहेतीसचा दाब अठरावर आलेला. तेच डावं चाक. घराजवळ एक जुने बॅलन्सिंगवाले आहेत, वीस वर्षांपासून तोच व्यवसाय. त्यांनी चाक मशीनवर फिरवलं आणि आधी तोल साधायला आतल्या बाजूला चिकटवलेली शिशाची वजनं मोजली. पंच्याऐंशी ग्रॅम. म्हणाले, ‘दादा, एवढं शिसं लागतंय म्हणजे चाक गोल नाहीये. टायर काढतो, तुम्ही समोर उभे राहा.’

टायर उतरवला. आतला ड्रम सगळा एकसारखा राखाडी रंगाने रंगवलेला. त्यांनी चाव्यांच्या जुडग्यातली एक किल्ली घेतली आणि कडेजवळ खरवडलं. रंगाखाली धातू लागायला हवा होता. निघाली ती पुट्टी. खरवडत गेले तसा तिचा तुकडाच सुटून हातात आला, आणि त्याखाली कडेपासून आत गेलेली अडीच इंचांची भेग. आरपार. पलीकडून नख लागत होतं. वेल्डिंगचा एक टाकासुद्धा नव्हता. भेगेत दोन भाग मिसळून लावायची धातूची पुट्टी भरली, घासली, रंग मारला, टायर चढवला. त्या चाकावर मी मुलीला रोज शाळेत सोडत होतो, आणि मधल्या काळात एकदा आईला घेऊन नाशिकला जाऊन आलो होतो. तिथल्या तिथे माझे पाय थरथरायला लागले. हे मी वाढवून लिहीत नाही.

माझ्या बायकोचे मामा भोसरीत ॲल्युमिनियम कास्टिंगच्या कामात उभं आयुष्य घालवून निवृत्त झालेत. चाक त्यांच्याकडे नेलं. त्यांनी ते उलटं ठेवून बराच वेळ पाहिलं आणि मग जे समजावलं ते मी इथे जमेल तेवढं नीट लिहितो, कारण हे कळलं असतं तर मी फसलो नसतो.

बहुतेक कंपन्यांची मॅगव्हील ज्या मिश्रधातूची असतात त्यात ॲल्युमिनियमबरोबर साधारण ७ टक्के सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम असतं. नुसतं ओतून चाक मजबूत होत नाही. ते सुमारे ५४० अंशांवर काही तास तापवतात, पाण्यात झटकन थंड करतात आणि मग पुन्हा दीडशे अंशांच्या आसपास काही तास ठेवतात. चाकाची बरीचशी ताकद या उष्णता प्रक्रियेतून येते. आता बेंड काढणारा गॅसची ज्योत लावून चाक नरम करतो आणि हातोड्याने ठोकतो, तेव्हा तेवढ्या भागातली ही ताकद निघून जाते. लोखंड तापलं की लाल होतं, कामगाराला कळतं कुठे थांबायचं. ॲल्युमिनियम लाल होतच नाही. रंग न बदलता ते थेट वितळायच्या बेताला येतं. म्हणजे ज्योत धरणाऱ्याला आपण किती तापवलं ते डोळ्यांनी कळत नाही. माझ्या चाकाच्या कडेवर हातोड्याचे पाच-सहा चपटे घाव होते आणि भोवती काळपट डाग. मामांनी बोट ठेवून दाखवलं, ‘भेग खड्ड्यात पडली असेल, नाहीतर इथे ठोकताना. पण ठोकून ती लांबली हे नक्की.’

वाकलेलं चाक सरळ करता येत नाही असं नाही. चांगले कारागीर हायड्रॉलिक दाबाने, बेताच्या उष्णतेत, थोडं थोडं करत काढतात आणि दर वेळी डायल गेज (चाक किती डगमगतं ते काट्यावर दाखवणारं मोजमापाचं साधन) लावून चाक फिरवून बघतात. माझ्या चाकाला मामांनी गेज लावलं तर काटा दोन मिलिमीटरच्या वर हलला. आतल्या कडेची लहान भेग आर्गनने जोडतात, तीही आधी भेगेचं टोक शोधून, खाच मारून, दोन्ही बाजूंनी. पण आरे किंवा मधला नट-बोल्टचा भाग तडकला असेल तर ते चाक संपलं. तिथे वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याच्या दुकानातून लगेच बाहेर पडा. यात माझं मत असं काही नाही, मामा त्यावर ठाम आहेत आणि मी त्यांचं ऐकतो.

मग डायमंड कटचं बघितलं. खऱ्या लेथवर कापलेल्या चाकावर बारीक वर्तुळाकार रेघा असतात, ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या, आणि उन्हात चाक फिरवलं की उजेड पंख्यासारखा फिरतो. माझ्या चारही चाकांवर रेघा होत्या, पण वेड्यावाकड्या: हाताने पॉलिश पेपर मारून, चंदेरी फवारा आणि वर लॅकर. कापताना धातूचा पातळ थर जातो, म्हणून तो कट हवा तितक्या वेळा करता येत नाही हेही तेव्हाच कळलं. निदान माझ्या चाकांचा धातू तरी शाबूत राहिला. सप्टेंबर लागेपर्यंत त्या लॅकरखाली पांढरे धागे पसरायला लागले, कारण खालचा जुना गंज काढलाच नव्हता.

बाकीची तीन चाकं आम्ही मामांच्या गच्चीत तपासली. भेगेत शिरणारं लाल रंगाचं द्रव, म्हणजे पेनिट्रंट, फवारायचा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचा, पुसून घ्यायचा आणि वर पांढरा डेव्हलपर मारायचा. भेग असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. डबे बाजारात मिळतात. तिन्ही चाकं कोरी निघाली. चौथ्यावर ती लाल रेघ कडेपासून जवळजवळ तीन इंच गेली, डोळ्यांना दिसत होती त्याहून अर्धा इंच पुढे. हे डबे मिळाले नाहीत तर टायर चढवल्यावर आतल्या कडेला साबणाचं पाणी सोडून बुडबुडे येतात का, एवढं तरी बघता येतं.

दुकानात गेलो. आपुलकी संपलेली होती. ‘परत खड्ड्यात आपटलं असेल.’ मी पुट्टीचा तुकडा दाखवला. मग सूर बदलला, ‘मुलाने चूक केली असेल, चाक ठेवून जा, उद्या करून देतो.’ मी ठेवणारच होतो. पण बॅलन्सिंगवाल्या काकांनी सकाळीच बजावलं होतं की काही झालं तरी चाक त्यांच्या हातात देऊ नका, तुमच्याकडे तेवढाच पुरावा आहे. ते शब्द आठवले आणि चाक डिकीत परत टाकलं. तुमच्यावर ही वेळ आली तर हे आधी लक्षात ठेवा.

त्याच दिवशी भेगेचे, पुट्टीचे, कागदी बिलाचे फोटो काढून ठेवले, काकांकडून त्यांनी काय पाहिलं ते तारखेसह लिहून घेतलं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिचा नंबर घालून पंधरा दिवसांच्या मुदतीची नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवली, मराठीत, मीच लिहिलेली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते आणि आता आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, हे सगळं नोटिशीत लिहिलं होतं. कच्च्या बिलामुळे अडलं असतं, पण मोबाइलवरून केलेल्या भरण्याची नोंद होती, ती कामी आली. तेराव्या दिवशी दहा हजार परत आले, ‘विषय संपवा’ या निरोपासह. मी घेतले. बायको म्हणते आयोगात जायला हवं होतं, आणि ते दुकान आजही चालू आहे हे बघितलं की तिचं म्हणणं मला बोचतं.

नवं चाक मागवलं. यायला दहा दिवस लागले, तोवर एक इंच लहान लोखंडी स्टेपनीवर गाडी जपून चालवली. या वेळी टायर चढवण्याआधी चाक मागून, आतून, सगळीकडून पाहिलं, चाकावर ओततानाच उमटवलेले कास्टिंगचे आकडे लिहून ठेवले, फोटो काढला. दुरुस्तीला चाक द्याल तेव्हाही देण्याआधी हे आकडे टिपून ठेवा. मामा सांगतात, मूळ चाक ठेवून घेऊन तसंच दिसणारं दुसरं परत देण्याचे प्रकारही चालतात.

ते फुटकं चाक दिवाळीपर्यंत बाल्कनीत पडून होतं. साफसफाई काढली तेव्हा भंगारवाल्याला दाखवलं. त्याने काट्यावर टाकलं, किलोचा भाव सांगितला, मग उलटं करून भेग पाहिली आणि म्हणाला, ‘असंच आख्खं देताय ना? आख्ख्याचे जास्त देतो.’ कशासाठी, असं विचारलं तर म्हणाला, एक जण घेऊन जातो, रंगवून विकतो. मी चाक परत उचललं आणि शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे नेलं. तिथे उभं राहून ग्राइंडरने त्याचे तीन तुकडे करून घेतले, आणि मगच किलोच्या भावाने दिलं.