मधूनच तापणारी जुनी गाडी आणि ओबीडी स्कॅनर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मार्चमध्ये साडेआठशे रुपयांना ब्लूटूथवर चालणारा ओबीडी स्कॅनर घेतला, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडून त्यातली माहिती मोबाईलवर दाखवणारं यंत्र. आगपेटीपेक्षा जरा मोठा, निळा, वर कुठल्याच कंपनीचं नाव नाही. पहिल्या आठवड्यात लिहायला बसलो असतो तर 'स्वस्त आणि मस्त' एवढंच लिहून मोकळा झालो असतो. आता नोव्हेंबर उजाडलाय, स्कॅनर लावून सहा हजार किलोमीटर झालेत, आणि याच्यामुळे माझ्या इंजिनाचं हेड (वरचा भाग) उगाच खोललं जायचं टळलंय. म्हणून सविस्तर लिहितो.

गाडी २०११ सालची पेट्रोल हॅचबॅक, बाबांनी घेतलेली, १ लाख ३८ हजार किलोमीटर चाललेली. आई-बाबा माणगावला असतात, त्यामुळे दर पंधरा दिवसांनी पुण्याहून ताम्हिणीमार्गे एक फेरी ठरलेली. फेब्रुवारीत परतताना भूगावच्या ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा अचानक लाल पट्टीकडे सरकला. गाडी कडेला घेतली, बंद केली, पाऊण तास थांबलो. पुढे घरापर्यंत काही झालं नाही. नंतर तीन आठवडेही काही झालं नाही.

मधूनच होणाऱ्या बिघाडाचा खरा त्रास हाच. गॅरेजमध्ये नेली की गाडी अगदी शहाण्यासारखी वागते. आमच्या मेकॅनिकनी तासभर इंजिन चालू ठेवून बघितलं, काटा जागचा हलला नाही. त्यांनी थर्मोस्टॅट (इंजिनातल्या गरम पाण्याला वाट देणारा व्हॉल्व्ह) बदलला. मार्चमध्ये परत तापली. एप्रिलमध्ये रेडिएटर (ते पाणी गार करणारी जाळी) काढून रॉडिंग (आतल्या नळ्या सळईने साफ करणं) करून घेतलं. आतून गाळही निघाला, त्यामुळे मला वाटलं सुटलो. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मग ते म्हणाले, "साहेब, आता हेड खोलून बघायला लागेल, गॅस्केट गेलं असणार." गॅस्केट म्हणजे हेड आणि त्याखालच्या इंजिनामधलं सील. त्यांना दोष देत नाही. जे डोळ्यांसमोर घडतच नाही त्याचं निदान कोण करणार?

स्कॅनर मार्चमध्येच आणला होता, पण तोवर फक्त कोड (बिघाड दिसला की गाडीचा संगणक नोंदवतो तो क्रमांक) बघत होतो, आणि कोड एकही नव्हता. इथेच बहुतेक लोक स्कॅनर डिकीत टाकून विसरतात. इंजिन तापलं म्हणून दर वेळी कोड पडेलच असं नाही. कामाची गोष्ट कोड नाही, नोंद आहे. टॉर्क नावाच्या ॲपमध्ये कूलंटचं (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान, गाडीचा वेग आणि आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) या तीन गोष्टी सेकंदाला एकदा नोंदवायला लावल्या आणि रोज गाडी काढताना ते चालू करायची सवय लावून घेतली.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट कळली आणि मी हबकलो. डॅशबोर्डवरचा काटा ८४ अंशांना जिथे असतो, बरोबर तिथेच तो १०१ अंशांनाही असतो. मुद्दाम मोबाईल काट्याशेजारी धरून बघितलं. ड्रायव्हरने उगाच घाबरू नये म्हणून बऱ्याच गाड्यांत काटा मधल्या पट्ट्यात स्थिर ठेवलेला असतो. म्हणजे काटा हलताना दिसतो तोवर बराच उशीर झालेला असतो. एवढं एक कळण्यासाठीसुद्धा साडेआठशे रुपये सार्थकी लागले.

दोन-तीन आठवड्यांच्या नोंदी जमल्यावर गाडीची नाडी कळायला लागली. मोकळ्या रस्त्यावर ८४ ते ८८. निजामपूरकडून ताम्हिणी चढताना, दुसऱ्या गिअरमध्ये, भर उन्हात ९३. ट्रॅफिकमध्ये थांबलं की हळूहळू ९७, मग फॅन सुरू, ९१ ला आलं की फॅन बंद, परत ९७. आलेखावर करवतीच्या दातांसारखी रेघ दिसते. हे आकडे माझ्या गाडीचे आहेत, तुमच्या गाडीचे वेगळे असतील. म्हणूनच गाडी ठीक असतानाची नोंद आधी करून ठेवणं फार गरजेचं आहे.

मेमधल्या एका शुक्रवारी भूगावात ते दात गायब झाले. ९७, ९९, १०२ (इथे ॲपचा अलार्म वाजला), १०६. सरळ चढती रेघ. पुढे रस्ता मोकळा झाला, गाडीने पन्नासचा वेग घेतला आणि तापमान आपोआप ९० वर उतरलं.

त्या रात्री आलेख समोर ठेवून विचार केला. गॅस्केट गेलं असतं तर इंजिनावर जोर आल्यावर, म्हणजे घाटात तापायला हवं होतं. रेडिएटर तुंबलेला असता किंवा वॉटर पंपाने पाणी फिरत नसतं तरी घाटातच बोंब झाली असती. इथे घाटात ९३ आणि सपाटीवर उभं असताना १०६. वारा लागला की ठीक, वारा थांबला की तापतंय. म्हणजे संशय थेट फॅनवर. पण मग एखाद्याच दिवशी का?

याचं उत्तर एसीत होतं आणि ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ज्या दिवशी गाडी तापायची त्या दिवशी ट्रॅफिकमध्ये एसीही गार हवा द्यायचा नाही. मी त्याला वेगळं दुखणं समजून एप्रिलमध्ये गॅस भरून घेतला होता. आमच्या गाडीत रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी), दोघांना एकच फॅन वारा देतो. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच होतं.

पुढच्या वेळी तापली तेव्हा तयारीत होतो. जवळच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे इंजिन चालू ठेवूनच गाडी नेली. पाती स्तब्ध. त्यांनी फॅनच्या कनेक्टरला टेस्ट लॅम्प लावला, तो लख्ख पेटला. म्हणजे फ्यूज, रिले, वायरिंग सगळं ठीक, करंट मोटरपर्यंत पोचतोय. मग हात पात्यांपासून लांब ठेवून त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने मोटरच्या पाठीवर दोनदा ठोकलं. फॅन घर्र करून सुरू झाला! त्या आवाजाने मला झालेला आनंद शब्दांत सांगता येत नाही. तीन महिने ज्याच्या मागे होतो ते दुखणं समोर उभं होतं.

मोटर खोलल्यावर दिसलं की कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) झिजून नखाएवढे उरलेत आणि कम्युटेटरवर (ते ज्यावर घासतात त्या फिरत्या भागावर) एका जागी काळा खड्डा पडलाय. थांबताना मोटर नेमकी त्या जागी थांबली की पुन्हा सुरू व्हायची नाही, दुसरीकडे थांबली की सुरू व्हायची. गॅरेजमध्ये कधीच का सापडलं नाही, ते इथे कळलं. नुसते कार्बन बदलता आले असते, पण कम्युटेटर बघून मी पूर्ण मोटर बदलली. मेकॅनिकना आलेख दाखवला तेव्हा त्यांनी तो दोनदा बोटाने सरकवून बघितला आणि हेड खोलायचा विषय स्वतःहून सोडला.

आता खटकलेल्या गोष्टी. ब्लूटूथ मधूनच तुटतं, महिन्यातून तीन-चार वेळा तरी स्कॅनर काढून परत लावावा लागतो. सॉकेटमध्ये तसाच ठेवला तर गाडी बंद असतानाही थोडा करंट खातो, आठ-दहा दिवस गाडी उभी राहणार असेल तर काढून ठेवा. आयफोनवाल्यांनी वायफायचा किंवा बीएलईचा (कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथचा) स्कॅनर घ्यावा, साधा ब्लूटूथवाला तिथे चालत नाही. आणि घेण्याआधी स्टिअरिंगखाली सॉकेट आहे का ते बघा. २०१० च्या एप्रिलपासून पुण्या-मुंबईसह १३ शहरांत बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचा नियम, त्यात गाडीत ओबीडी असणंही आलं) लागू झालं, त्यानंतर इथे घेतलेल्या गाड्यांत सहसा अडचण येत नाही. त्याआधीच्या गाडीत खात्री करूनच पैसे घाला.

सगळ्यात महत्त्वाची मर्यादा मात्र वेगळीच आहे. स्कॅनर सेन्सरचं तापमान सांगतो, इंजिनाचं नाही. कूलंट गळून पातळी सेन्सरच्या खाली गेली तर सेन्सर पाण्याबाहेर पडतो आणि इंजिन जळत असताना आकडा उलट कमी दिसू शकतो. म्हणून थंड गाडीचं झाकण उघडून पातळी बघायची सवय सोडू नका. गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही, हे तर झालंच. आत दाबाखाली शंभराच्या वर गेलेलं पाणी असतं, झाकण सैल झालं की ते उसळून तोंडावर येतं.

याचा अनुभव ऑक्टोबरमध्ये आला. आलेख अगदी निर्मळ, पण पातळी हळूहळू उतरत होती. एका सकाळी रेडिएटरचा वरचा पाइप चपटा झालेला दिसला. झाकणातला पाणी परत ओढून घेणारा व्हॉल्व्ह अडकला होता, रबरही कडक झालं होतं. झाकणावर ०.९ लिहिलं होतं, तेवढ्याच दाबाचं नवीन बसवलं. दोनशे रुपयांचं काम. हे स्कॅनरने कधीच सांगितलं नसतं.

गेल्या रविवारी बाबांना डोळे तपासायला पुण्याला आणत होतो. भूगावात चाळीस मिनिटं अडकलो, एसी बंद, खिडक्या उघड्या. ९७, ९१, ९७, ९१. बाबा शेजारच्या सीटवर गाढ झोपले होते.