पुरात माहिती पोहोचवायची तर व्हॉट्सॲप, पडदा, रेडिओ की भोंगा?

कर्नाटकातल्या निपाणी भागातल्या, वेदगंगेकाठच्या एका तरुण मंडळानं विचारलं होतं: वर्गणीतले थोडे पैसे शिल्लक आहेत, पुन्हा पूर आला तर काळजी केंद्रातल्या (पूरग्रस्तांच्या तात्पुरत्या निवाऱ्यातल्या) लोकांना माहिती द्यायला काय घेऊन ठेवावं? त्यांना तोंडी जे सांगितलं, तेच इथं जरा नीट लिहितो.

पुढची काही उदाहरणं निर्वासितांच्या छावण्यांतली आहेत. कायद्याच्या भाषेत निर्वासित म्हणजे देशाची हद्द ओलांडून आलेला. आपले पूरग्रस्त त्यात बसत नाहीत. पण शाळेच्या वर्गात सतरंजीवर बसलेल्या बाईचा प्रश्न छावणीतल्या बाईचाच असतो: कागद भिजले, आता भेटायचं कुणाला? आपल्याकडं त्यात आणखी एक गुंता आहे. आपण मराठी बोलतो, पण राहतो कर्नाटकात; बरोबर माहिती कन्नडमध्ये असते, आणि मराठीत जी येते ती पलीकडच्या महाराष्ट्राची. २०१९ च्या पुरात महाराष्ट्रानं शहरी कुटुंबाला १५,००० आणि ग्रामीण कुटुंबाला १०,००० जाहीर केले. कर्नाटकाची तातडीची मदत १०,००० होती आणि पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख, तेही बांधकाम होईल तसे हप्त्यानं. महाराष्ट्रातल्या शिरोळचा व्हिडिओ बघून निपाणी भागातला माणूस १५,००० मागायला गेला, तर त्यात त्याची काय चूक?

म्हणून प्रत्येक माध्यमाला मी दोनच प्रश्न विचारतो. ऐकणाऱ्याला उलट प्रश्न विचारता येतो का? आणि माहिती बदलली तर जुनी मागे घेता येते का?

व्हॉट्सॲपचा व्हिडिओ स्वस्त, झटपट, घराघरात पोहोचणारा. पण दोन्ही प्रश्नांवर नापास. २०२१ च्या जुलैत यमगर्णीजवळ महामार्ग पाण्याखाली होता, तेव्हा आमच्या ग्रुपवर २०१९ चा अर्जाचा व्हिडिओ पुन्हा फिरला. आमची एक मावशी त्यावर विसंबून अर्धा दिवस रांगेत उभी राहिली. शिवाय टॉवर बंद पडला की सगळंच बंद. बांगलादेशात म्यानमारमधून आलेल्या रोहिंग्या निर्वासितांच्या छावण्यांतलं मोबाईल इंटरनेट सरकारनं २०१९ च्या सप्टेंबरात जवळपास बंद केलं, ते २०२० च्या ऑगस्टपर्यंत. तिथं स्पीकरवर ऐकवायचे कार्यक्रम आणि घोळक्यानं बसून ऐकणं कामी आलं. अनेकांना वाचता येत नव्हतं, हेही कारण होतंच.

पडदा आणि प्रोजेक्टर हे माझं पहिलं मत. केनियातल्या काकुमा छावणीत फिल्मएड ही संस्था २००१ पासून संध्याकाळी पडदा लावून सिनेमा दाखवायची, सोबत आरोग्याच्या छोट्या फिती. आपल्याकडं डिजिटल ग्रीन या संस्थेनं शेतकऱ्यांच्याच तोंडून केलेले व्हिडिओ बॅटरीवरच्या छोट्या प्रोजेक्टरवर गटागटानं दाखवले. खरी गंमत व्हिडिओ दाखवणाऱ्या माणसात आहे: व्हिडिओ मध्येच थांबवून तो विचारतो, कळलं का? आजी म्हणते, माझं रेशनकार्डच वाहून गेलं, मग? उत्तर तिथंच मिळतं. चुकीचा व्हिडिओ दुसऱ्या दिवशी लावायचा नाही, एवढंच. प्रोजेक्टर विकत घेऊ नका, हायस्कुलातून मागा. पडदा, स्पीकर, जनरेटर गणपती मंडळाकडं असतोच. पैसे वाचतील ते दोन पोरांच्या जाण्यायेण्याला ठेवा.

सामुदायिक रेडिओचा मोह सोडा. परवाना शिक्षणसंस्था, कृषी विज्ञान केंद्र किंवा नोंदणीकृत ना-नफा संस्थेलाच, शक्ती साधारण १०० वॅट, ऐकू येणार दहा-पंधरा किलोमीटर. बेळगाव शहरातलं केंद्र निपाणीपर्यंत पोहोचणार कसं? आकाशवाणी कोल्हापूरची लावली, की पुन्हा पलीकडच्या राज्याची माहिती.

भोंगा लावलेली रिक्षा एकाच कामाची: धरणातून पाणी सोडलंय, आत्ता निघा. फॉर्मची माहिती भोंग्यावरून देऊ नका. कोण ऐकतंय आणि कोण जनावरं सोडतंय!

व्हिडिओ करायचं ठरलंच, तर भाषेचं एक ऐका. बोलणं निपाणी-चिकोडीच्या मराठीत असू द्या, पुणेरी नको. पण कागदाचं आणि कचेरीचं नाव कन्नडच ठेवा. आपण उतारा म्हणतो, खिडकीवरचा माणूस पहाणी म्हणतो. आपण नुकसानभरपाई म्हणतो, तिथल्या फलकावर ‘परिहार’ लिहिलेलं असतं. नाडकचेरीला (तालुक्याच्या खालच्या महसूल कचेरीला) तहसील म्हटलंत तर माणूस चुकीच्या गावाला जाईल. ‘काळजी केंद्र’ तेवढं दोन्ही भाषांत सारखंच, त्याची काळजी नको.

आणि व्हिडिओची सुरुवात नमस्कारानं नको, तारखेनं करा: आज अमुक तारीख, हे कर्नाटकातल्या गावांसाठी आहे. तारीख कोपऱ्यात लिहून भागत नाही; मोठ्यानं बोला. पुढच्या पुरात तोच व्हिडिओ कुणी पाठवला, तर पहिल्या पाच सेकंदांतच कळेल की तो जुना आहे.