आयएचसी तपासणी: रिपोर्ट चोख, ब्लॉकचा मात्र खोळंबा

मावशीच्या स्तनातील गाठीची बायॉप्सी झाल्यावर ईआर, पीआर (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे ग्राही) आणि हर-टू (पेशींच्या वाढीला चालना देणारे प्रथिन) या तपासण्यांसाठी आम्ही पुण्यातील एका खासगी पॅथॉलॉजी लॅबकडे पॅराफिनचा ब्लॉक (मेणात बसवलेला ऊतीचा तुकडा) दिला होता. त्या सेवेविषयी हा अभिप्राय.

हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या रंगांच्या नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या स्लाइडवरून गाठ कर्करोगाची आहे का आणि तिची ग्रेड कोणती, हे कळते. पण कोणत्या रुग्णाला कोणते औषध लागू पडेल, हे बरेचसे आयएचसीवर, म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीवर, ठरते. या पद्धतीत ठरावीक प्रथिनालाच चिकटणारे प्रतिपिंड वापरतात आणि ते जिथे चिकटते तिथे तपकिरी रंग उमटतो. ईआरचा रंग पेशींच्या केंद्रकात दिसला तर टॅमॉक्सिफेनसारखी संप्रेरकविरोधी औषधे देता येतात. हर-टूचा रंग पेशीच्या कडेने गडद आणि अखंड दिसून ३+ (० ते ३+ या श्रेणीत सर्वाधिक) आला, तर ट्रास्टुझुमॅब या हर-टूविरोधी औषधाचा विचार होतो.

या लॅबचा रिपोर्ट नुसते ‘पॉझिटिव्ह’ लिहून मोकळा होत नाही. किती टक्के केंद्रके रंगली, रंग किती तीव्र होता, कंट्रोल स्लाइड (निकाल आधीच माहीत असलेली, तुलनेसाठीची) बरोबर आली का आणि ऊती फॉर्मालिनमध्ये किती तास होती, हे सारे त्यात नोंदवले होते. शेवटची नोंद मला सर्वांत मोलाची वाटते, कारण ६ ते ७२ तासांची मर्यादा पाळली गेली नाही तर रंग फसवा येऊ शकतो आणि ईआर असूनही नसल्याचा निष्कर्ष निघू शकतो. (ही नोंद अनेक रिपोर्टांत शोधूनही सापडत नाही.)

हर-टू २+ म्हणजे अनिर्णित आल्याने फिश तपासणी (हर-टू जनुकाच्या प्रती मोजणारी) करावी, असा स्पष्ट सल्लाही होता, आणि पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी फोनवर त्याचे कारण न कंटाळता समजावले. तक्रार आहे ती काउंटरविषयी. फिशची सोय तिथे नसल्याने ब्लॉक परत हवा होता. त्यासाठी लेखी अर्ज, मग डॉक्टरांचे पत्र, मग ‘साहेब जेवायला गेलेत’, असे हेलपाटे घालावे लागले. उपचार अडलेला असताना हे अक्षम्य आहे.

फिश निगेटिव्ह आले, तरी २+ हा आकडा फाइलमध्ये जपून ठेवावा. आजार पुढे पसरलाच, तर अशा ‘हर-टू लो’ (हर-टू कमी प्रमाणात असलेल्या) रुग्णांसाठी ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकन हे औषध २०२२पासून अमेरिकेत मंजूर आहे. ब्लॉक देताना त्याच्या क्रमांकासह पावती घ्यावी आणि फिश तिथेच होते का, हे आधीच विचारावे.